सतरा नंबरचं ताट

३ मार्च, मंगळवार

बासष्ट ताटं. एकूण उरलं – सात किलो चारशे ग्रॅम. पालक जवळजवळ सगळ्यांनी टाकला.

लेबल छापायचं मशीन आजही बंद. दुरुस्तीवाला "उद्या येतो" म्हणाला, म्हणजे आता तो काही येत नाही. चिठ्ठ्या हातानेच लिहिल्या – खाटेचा नंबर, मीठ कमी की नेहमीचं, साखर चालते की नाही. वर ट्रॉली नेणाऱ्या मावशी चिठ्ठ्या बघून म्हणाल्या, "तुमचा सातचा आकडा बघितला का? पोट सुटलंय त्याला." हसल्या. मीही हसले असेन.

१७ नंबर – एकशे चार ग्रॅम. पालक संपवला, भाजलेला भोपळा ठेवला.

१७ नंबर म्हणजे आई. इथे कुणाला माहीत नाही.

४ मार्च, बुधवार

हे कुणी वाचणार नाही, तरी नीट लिहून ठेवते. हल्ली माझ्याही लक्षात काही राहत नाही.

तिसऱ्या मजल्यावर म्हातारी माणसं. बरी होऊन घरी जाणारी नव्हेत, राहायलाच आलेली. तळमजल्यावर स्वयंपाकघर, त्याला लागून भांडी घासायची खोली, आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात माझं टेबल. वजनकाटा, तक्ता, पेन्सिल, दोन बादल्या. दुपारच्या जेवणाची ताटं खाली आली की एकेक काट्यावर ठेवायचं, किती उरलं ते लिहायचं, उरलेलं बादलीत टाकायचं. बादली मागच्या अंगणातल्या खताच्या पिंपात. खत गच्चीवरच्या वाफ्यांना. वाफ्यातला पालक पुन्हा ताटात. तो पुन्हा बादलीत.

हे सगळं आहारतज्ज्ञ बाईंनी सुरू केलं. मांस आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस डाळी, शेंगा, भाज्या, जाड दळलेल्या धान्याचा पाव. मीठ निम्मं, तेल निम्मं. बाई मनापासून करतात, कुणी काही म्हणो. "पुढे सगळ्या जगाला असंच जेवावं लागणार आहे. आपण फक्त आधी बसलोय पंगतीला." त्यावर आमचे आचारी, ज्यांना सगळे मीठकाका म्हणतात, ते म्हणाले, "जगाचं जग बघेल. तिसऱ्या मजल्याला आज मीठ पाहिजे."

आईला मी इथे आणून सोडलं त्याला साडेचार महिने झाले. घरी दोनदा गॅस चालू ठेवून शेजारी जाऊन बसली होती. दुसऱ्या वेळी पडदा जळाला. मी दिवसभर कामावर. दुसरा इलाज नव्हता – असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंच आहे.

सोडलं त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "जा आता. परत यायची गरज नाही." पुढच्या रविवारी तिसऱ्या मजल्याच्या काचेच्या दारापर्यंत गेले. ती पाठमोरी बसून जेवत होती. दार ढकललं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी जिन्यातूनच परत फिरले. मग जाणंच राहिलं. त्याच दुसऱ्या रविवारी बाहेर पडताना फाटकापाशी पाटी दिसली होती – स्वयंपाकघरात मदतनीस पाहिजे. जुनी नोकरी सोडून ही धरली. का, ते मला धड सांगता येणार नाही. दोन मजले मध्ये ठेवून तिच्याजवळ राहायचं होतं बहुतेक.

मशीन बंद पडलं दोन महिन्यांपूर्वी. तेव्हापासून चिठ्ठ्या माझ्याकडे.

६ मार्च, शुक्रवार

१७ – एकशे दहा. डाळ संपवली, कोबी संपवला, अख्खं उकडलेलं अंडं ठेवलं. अंडं सोललेलं, कुठे खरचटलेलंसुद्धा नाही.

चिठ्ठी ताटावर नव्हती. बाकी एकसष्ट चिठ्ठ्या चिकटलेल्या, ओल्या, रसाच्या डागांच्या, पण असतात. १७ ची नेहमीच गायब. कोणतं ताट कोणाचं ते शेवटी वजाबाकीनेच ठरवावं लागतं. मावशींना बोलले. त्या म्हणाल्या, "पडत असेल कुठेतरी. मी काय चिठ्ठ्या राखत बसू?"

९ मार्च, सोमवार

आज बाईंनी तक्त्याखालचा नियम सगळ्यांना पुन्हा वाचून दाखवला. ताटात पाचशे ग्रॅम वाढलं जातं. महिन्यात पंधरा दिवस ज्याचं शंभर ग्रॅमच्या वर उरेल, त्याला चावायला त्रास होतो असं धरायचं आणि मऊ आहारावर घ्यायचं.

मऊ आहार म्हणजे काय ते मी रोज बघते. डाळ, भोपळा, पालक, पाव, सगळं एकत्र मिक्सरमध्ये. कोणत्याही दिवशी रंग एकच. मीठकाका त्याला सिमेंट म्हणतात. एकदा मऊवर गेलेलं माणूस पुन्हा ताटावर आलेलं मी पाहिलेलं नाही.

आईचे गेल्या महिन्यात तेरा दिवस भरले होते. थोडक्यात वाचली. या महिन्यात सात दिवस मी तोललं, सातही शंभरच्या वर.

आजारी असतानासुद्धा पातळ काही प्यायची नाही ती. पुढचे दोन दात पडले तेव्हाही पाव बाजूच्या दाढेने चावून खाल्ला. "तोंड आहे तोवर चावणार," म्हणायची.

आज तिचं एकशे बारा उरलं. मी ब्याण्णव लिहिलं.

काही वाटलं नाही. पेन्सिल उचलली, लिहिलं, पुढचं ताट घेतलं.

१० मार्च, मंगळवार

मीठकाकांनी डाव पुढे केला. "चाखा आणि खरं सांगा." राजमा होता, टोमॅटोच्या रसातला. चाखला. गरम आहे एवढं कळलं. "ठीक आहे," म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "तुम्हाला कालही ठीक, आजही ठीक. उद्या कढईत पायपुसणं उकळलं तरी ठीकच म्हणाल."

म्हणाले असते.

१७ – एकशे सहा होतं. अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

१२ मार्च, गुरुवार

पंच्याण्णव लिहिलं. खरं एकशे वीस.

ती ठेवते काय हे बघत बसले. पाव असेल तर मधला मऊ भाग. गाजर असेल तर देठाकडचं नाही, गोड टोकाकडचं. सगळे जे टाकतात ते ती खाते, आणि सगळे ज्यावर तुटून पडतात ते ठेवते. कप्प्यात एका बाजूला सरकवून. बाईंनाही मी हे बोलून दाखवलं – सतरा नंबर म्हणून. त्या म्हणाल्या, "या वयात जीभ बदलते. गोड नकोसं होतं." वहीत लिहून घेतलं त्यांनी. अशा नोंदींवरूनच पुढच्या वर्षीची ताटं ठरणार म्हणे.

आई आणि गोड नको! साखरेचा डबा मी तिच्यापासून लपवून ठेवायचे. पण साडेचार महिन्यांत माणूस बदलत असेल. मी कोण सांगणार?

चिठ्ठी नव्हती.

१५ मार्च, रविवार

सुट्टी. घर. ओटा पुसला, स्वच्छ होता तरी पुसला. तिचा कप मागच्या रांगेत ढकलला, मग पुन्हा पुढे आणला.

कामाच्या दिवशी दुपारी मी काय खाते ते लिहून ठेवण्यासारखं नाही. चहा आणि दोन बिस्किटं, तीही उभ्याने, काट्याशेजारी. सगळे जेवायला बसतात तेव्हा माझी ताटं खाली येतात. आणि बासष्ट उष्टी ताटं बादलीत रिकामी केल्यावर भूक कुणाला असते? आधीच्या नोकरीतही हेच होतं. आई रोज एकला फोन करायची. बोलणं काहीच नसायचं. "जेवलीस?" "हो." "खोटं बोलतेस." ठेवून द्यायची.

एक वाजता हल्ली फोन वाजत नाही. वाजला नाही तरी हातात घेऊन बघते.

१६ मार्च, सोमवार

काल माझ्या जागी भांडीवाली ताई होती. रविवारी चिठ्ठ्याही तीच लिहिते, ताटंही तीच तोलते. तिचा तक्ता बघितला. १७ – शून्य. मागचे रविवार उलटून बघितले. शून्य, चार, शून्य, शून्य.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिने दोरा बांधून ठेवला होता. १७ ची होती त्यात.

बाईंना दाखवलं. त्या खूश. "रविवारी भाजलेलं सफरचंद असतं ना, त्याचा परिणाम!" मी म्हटलं, गोड नकोसं झालं होतं ना त्यांना? बाईंनी तक्ता पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "फळाचं गोड वेगळं."

बरं.

आज सफरचंदच दिलं होतं, कालचं शिल्लक होतं म्हणून. आईने अर्धं ठेवलं. साल काढून, बी काढून. एकशे अठरा. नव्वद लिहिलं.

१८ मार्च, बुधवार

बाई तक्ता घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, पकडलं. तसं नव्हतं. म्हणाल्या, "हे सतरा नंबर बघा. दोन महिन्यांत अडीच किलो उतरल्यात. आणि तुमच्या तक्त्यात तर गेला आठवडाभर चांगलं जेवतायत. खाऊन उतरतंय म्हणजे आत काहीतरी गडबड आहे. डॉक्टरांना सांगितलंय, सगळ्या तपासण्या करून घ्या म्हणून."

मी हो म्हटलं. बादली उचलून अंगणात गेले. पिंपाचं झाकण उघडलं, बादली ओतली, झाकण लावलं. परत आले.

२० मार्च, शुक्रवार

मावशी ट्रॉली लावता लावता बोलत होत्या. सतराच्या आजींचं काल दोनदा रक्त काढलं. शीर सापडेना. हात कोपरापर्यंत निळा पडलाय. "पण आजी काय चिवट! हू की चू नाही. उलट रक्त काढणाऱ्या पोरीलाच म्हणाल्या, घाबरू नकोस, सापडेल तुला." उद्या म्हणे पोटात नळी घालून बघणार आहेत.

चार वाजता मी बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, सतरा नंबरचे आकडे चुकलेत. नऊ तारखेपासूनचे. काटा हलत असावा.

बाई उठल्या. भांडारातून डाळीचं सीलबंद किलोचं पाकीट आणलं, माझ्या काट्यावर ठेवलं. एक किलो. बरोब्बर. मग माझ्याकडे बघितलं. मी काट्याकडे बघत होते.

"फक्त सतराच्याच वेळी हलतो का काटा?"

मी खरे आकडे सांगितले. पाठ होते सगळे. एकशे बारा, एकशे सहा, एकशे नऊ, एकशे वीस... बाईंनी एकेक लिहून घेतला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "एक माणूस उगीच टोचून घेत होतं," एवढंच म्हणाल्या. का केलं, ते विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मऊ आहार वाईट दिसतो. त्या म्हणाल्या, "उपाशी राहण्यापेक्षा बरा."

नळी रद्द केली.

घरी येऊन बसले तर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हात धुतले, पुन्हा धुतले.

२१ मार्च, शनिवार

दिवस मोजले. आजचा धरून अठरा. पंधरा कधीच ओलांडले.

मंगळवारपासून मऊ. बाईंनी सही केली. माझ्यासमोरच केली.

२३ मार्च, सोमवार

आजचं तिचं शेवटचं ताट. मटार, बटाटा, पाव, बीट. मी मीठकाकांना म्हटलं, सतराला पावाचा मधला तुकडा द्या. त्यांनी मान वर केली. "तुम्हाला पण कुणाचं काही वाटतं म्हणजे!" टोमणा होता, पण तुकडा मधलाच दिला.

तुकडा परत आला. अर्धा. मधोमध मोडलेला, कप्प्यात बाजूला सरकवलेला.

हातात घेतला. मऊ होता अजून. एकशे एक ग्रॅमचं ताट. एका ग्रॅमने तरी वाचव ना गं. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

बादलीत टाकला.

वर जावं. जाऊन म्हणावं, सगळं संपव, नाहीतर रोज सिमेंट गिळावं लागेल. दोनच तर मजले. पण काय तोंडाने जाऊ? पाच महिने होऊन गेले. पहिल्या आठवड्यात जायला लाज वाटली, दुसऱ्या आठवड्यात पहिल्या आठवड्याची लाज वाटली, आणि आता तर ती इतकी साठलीय की तिच्यावर पाय देऊन जावं लागेल. आई म्हणालीच होती, परत यायची गरज नाही. तिने ते आता खरं धरलं असेल.

आणि जेवण टाकते ते बरोबरच आहे तिचं. मला तर टाकता येत नाही तिला. म्हणून ताट टाकते. मला तर हल्ली खात्रीच वाटते याची.

२४ मार्च, मंगळवार, सकाळ

चिठ्ठी लिहिली. १७ – मऊ. सात खोडून पुन्हा लिहिला, तरी पोट सुटलंच.

मिक्सर चालू झाला तेव्हा मीठकाका माझ्याकडे बघत होते. "चाखता?" नको म्हटलं. वाटीत ओतलं. तोच रंग.

२४ मार्च, दुपार

वाटी परत आली. सिमेंटाच्या मधोमध चमच्याने ओढलेली सरळ रेघ. रेघेच्या अलीकडचं चाटूनपुसून संपवलेलं. पलीकडचं जसंच्या तसं, कड चमच्याने नीट दाबून ठेवलेली.

मावशी हसत सांगत होत्या – भरवायला गेले तर आजींनी हातच धरला माझा. म्हणे, एवढं राहू दे, खाली पाठव. खाली माझी मुलगी आहे. चिठ्ठीवर तिचं अक्षर असतं. असला सात दुसऱ्या कुणाला काढता येणार नाही, मीच शिकवताना दमले. दुपारची जेवत नाही ती. रोज चांगलं चांगलं ठेवते तिला, रविवारी तेवढी सुट्टी असते तिची. आणि उशी उचलली तर खाली चिठ्ठ्यांचा हा एवढा गठ्ठा! "मला विचारतात, पोचतं ना गं तिला? मी म्हटलं, पोचतं हो आजी. काय सांगणार –"

मग मावशींनी माझ्याकडे बघितलं.

वाटी काट्यावर ठेवली नाही. स्टूल ओढलं, बसले, चमचा घेतला. सगळं खाल्लं.

मीठ फारच कमी आहे. वर जाऊन आधी तेच सांगते तिला.